खोली भाड्याने देण्याचा खेळ

त्या संध्याकाळी माझी मेहुणी आमच्याकडे आली आणि बसली नाही. तशी ती कधीच धड बसत नाही. खुर्चीच्या कडेवर टेकते, उठते, भिंतीवरचं घड्याळ सरळ करते, परत टेकते. त्या दिवशी मात्र टेकलीसुद्धा नाही. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत तिने सांगितलं, की तिचा खेळ हा खेळच नाही, असं प्रदर्शनवाल्यांनी कळवलं आहे.

बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. धाकट्या बहिणीचं काही बिघडलं की हिच्या हातातलं काम आपोआप थांबतं.

मेहुणीला घरात आम्ही ‘चूकभूल’ म्हणतो. नाव मीच ठेवलं. बिलाखाली ‘चूकभूल देणेघेणे’ छापलेलं असतं, त्यातलं देणं तिच्याकडे भरपूर आहे, घेणं मात्र अजिबात नाही. हे मी लग्नानंतर लगेच म्हणालो होतो आणि ते तिला चिकटलं. ती चिडत नाही. उलट फोनवर ‘मी चूकभूल बोलतेय’ म्हणते आणि मग आदल्या वेळी मी काय चुकीचं बोललो ते सांगते.

तिचा धंदाच तो होता. एका छापखान्यात ती मुद्रितशोधक होती, म्हणजे छापायच्या आधी मजकूर वाचून त्यातल्या चुका काढणारी. शाळेची पुस्तकं, वेळापत्रकं आणि मुख्य म्हणजे औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ते बारीक अक्षरांचे कागद. त्या कागदांत एक टिंब इकडचं तिकडे झालं तर गोळीचा डोस दसपट होतो. म्हणून ती ओळ शेवटच्या शब्दापासून मागे वाचायची. अर्थ लागत गेला की डोळा घसरतो, चूक निसटते, असं तिचं म्हणणं. वर्षानुवर्षं तिच्या हातून एकही चूक बाहेर गेली नाही. पण या सवयीने माणूस कायमचा अस्वस्थ होतो. हॉटेलात गेलं की ती आधी मेन्यूकार्ड दुरुस्त करते, मग मागवते. दुकानाची पाटी चुकलेली दिसली तर आत जाऊन सांगून येते. लग्न तिने केलं नाही. दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. तिचं घर इतकं जागच्या जागी असतं की तिथे पाहुण्याला रुमाल कुठे ठेवावा कळत नाही.

छापखाना बंद पडला तेव्हा तिचं वय पन्नाशीकडे झुकलं होतं. त्या वयात नवी नोकरी म्हणजे दगडावर पेरणी. पण तिला काम मिळालं, आणि तेही एका व्हिडिओ गेम बनवणाऱ्या ऑफिसात. टायरच्या दुकानावरची एक खोली, लोखंडी जिना, तीन टेबलं. मालक तिशीचा. त्याला सगळे ‘दाढी’ म्हणत, का ते त्याच्याकडे बघून कळायचं. चित्रं काढायला एक मुलगी होती. दोघंही मेहुणीला मावशी म्हणत. खेळात पडद्यावर येणारी वाक्यं तपासायला म्हणून तिला घेतलं होतं. तपासता तपासता ती वाक्यं बदलू लागली, बदलता बदलता स्वतः लिहू लागली, आणि एक दिवस दाढीने सांगितलं की मावशी, पुढची गोष्ट सगळी तुमचीच.

ते लोक जे करत त्याला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हणतात. मलाही तिच्यामुळेच कळलं. पडद्यावर चित्र असतं, खाली वाक्यं येतात, आपण बटण दाबलं की पुढचं वाक्य. मधूनच गोष्ट थांबते आणि आपल्याला विचारते, आता काय करायचं? समोर दोन-चार पर्याय असतात. आपण एक निवडायचा आणि गोष्ट त्या वाटेने जाते. पळणं नाही, गोळीबार नाही, घड्याळ नाही.

तिची गोष्ट एका आजीची होती. आजीच्या घरात माडीवर एक खोली रिकामी आहे. खोली मागायला चौघं येतात. एक मास्तर, कमी बोलणारा. एक फिरता विक्रेता, पाणी गाळायची यंत्रं विकणारा. एक ट्रम्पेट शिकणारी मुलगी. आणि हातात एक बॅग घेतलेला माणूस, जो कुठून आला ते सांगत नाही. खोली कोणाला द्यायची ते आपण ठरवायचं. कोणालाच द्यायची नसेल तर तसंही.

हा खेळ त्यांनी वर्षातून एकदा भरणाऱ्या मोठ्या खेळ-प्रदर्शनाला पाठवला होता. तिथे टेबल मिळालं की लोक बघतात, बातमी होते, पुढचं काम मिळतं. निवड समितीच्या परीक्षकाने उत्तर दिलं होतं की गोष्ट सुरेख आहे, चित्रं सुरेख आहेत, पण हा व्हिडिओ गेम नाही. पान उलटणं म्हणजे खेळणं नव्हे. तुम्ही हे पुस्तकांच्या प्रदर्शनात ठेवावं. दाढीने फोन करून बरीच गयावया केली तेव्हा परीक्षक गुरुवारी ऑफिसात येऊन पुन्हा एकदा खेळून बघायला तयार झाला होता.

आणि नाहीच म्हणाला तर? बायकोने विचारलं.

मेहुणी खिडकीशी थांबली. दाढीने तिला स्पष्ट सांगितलं होतं. टेबल मिळालं नाही तर गोष्टी बंद. मग तो दुसऱ्या कंपन्यांसाठी मोटारींच्या शर्यती बनवायचं काम घेणार, आणि शर्यतीत मोटारी बोलत नाहीत. तिथे मावशीला काम नव्हतं.

‘त्या परीक्षकाला खेळ म्हणजे काय तेच कळत नाही,’ ती म्हणाली. दाढीने फोनवर त्याला शब्दकोड्याचं उदाहरण दिलं होतं. चित्रवालीने पत्त्यांचं दिलं होतं, की पत्ते खेळताना कोण घाम गाळतं. परीक्षक म्हणाला, पत्त्यात हरता येतं. यावर मेहुणी एकटीच पाच मिनिटं बोलली होती.

मी माझ्या परीने समजावलं. आमच्या ऑफिसात एखादी वस्तू कुठल्याच सदरात बसत नसली की ती ‘इतर’ मध्ये टाकतात आणि जगाचं काही बिघडत नाही. मेहुणी म्हणाली, ‘भाऊजी, मला इतर व्हायचं नाहीये.’

बायकोने हात पुसले. म्हणाली, आण तो तुझा लॅपटॉप, मी खेळून बघते.

आमच्या जेवणाच्या टेबलावर तो मांडला. बायको अशा गोष्टींत माझ्याहून धीट आहे. तिने चष्मा लावला आणि सगळं नीट वाचत पुढे गेली. मेहुणी मागे उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. चौघं भाडेकरू येऊन गेले. बायकोने विचार केला आणि खोली ट्रम्पेटवाल्या मुलीला दिली. का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, घरात आवाज हवा.

पुढच्याच पानावर मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. ती निघून गेली आणि खोलीत मास्तर आला.

बायकोने परत पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी विक्रेता. विक्रेत्याच्या बायकोचा फोन आला, तो घरी गेला आणि खोलीत मास्तर आला. मग तिने बॅगवाला घेऊन बघितला. तो दोन दिवसांत बॅग उचलून गेला. मास्तर जिन्यातच उभा होता. शेवटी हिने हट्टाने ‘कोणालाच नाही’ हे निवडलं. आजीला एकटीला करमेना, तिने स्वतःच मास्तरला निरोप धाडला. मास्तर आला, त्याने बाग लावली, आजी आनंदात राहिली, समाप्त.

बायकोने चष्मा काढला. मला वाटलं, ती काहीतरी गोड बोलेल.

‘तू मला विचारलंस,’ ती बहिणीला म्हणाली, ‘मी सांगितलं, आणि तू तुझंच केलंस. मग विचारलंस कशाला?’

‘मास्तर चांगला आहे, ताई.’

‘असेल. मला नको होता.’

मेहुणी म्हणाली की बाकीच्यांना खोली देणं चूकच आहे, कोणी शहाणा माणूस देणार नाही. बायको म्हणाली, मग मी शहाणी नाही असं समज. आणि मग इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. पडद्यांचा रंग विचारलास, मी निळा म्हटलं, आणलेस हिरवे. सुट्टीत कुठे जायचं विचारलंस, मी समुद्र म्हटलं, तिकिटं निघाली डोंगराची. हे ती भांडून बोलत नव्हती. परत भाजी घेऊन चिरता चिरताच बोलत होती, पण सुरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. हिरवे पडदे आमच्या समोरच होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मेहुणी चहा न घेता गेली. लॅपटॉप मात्र टेबलावर विसरली. तिने काही विसरणं ही आमच्या घरात पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो पोचवायला तिच्या ऑफिसात गेलो. खाली टायरमध्ये हवा भरण्याचं यंत्र धडधडत होतं आणि रबराचा वास जिन्यावरून वर येत होता. वर वेगळंच चित्र होतं. तिघंही उभी. मेहुणीने आल्या आल्या सांगितलं होतं म्हणे, की परीक्षकाचं बरोबर आहे. हरता येत नाही. दाढीने कपाळाला हात लावला होता. कारण मुळात हरता येत होतं.

हे मला चित्रवालीने सांगितलं. मावशीने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा चारही भाडेकरूंच्या वाटा वेगवेगळ्या होत्या. तिने त्यांची चित्रंही काढली होती. मग मावशीने सगळा मजकूर तपासायला घेतला. सवयीप्रमाणे जिथे जिथे आजीचं वाईट होत होतं तिथे तिथे तिला ती चूक दिसली. चूक दिसली की काढायची. असं करत करत तिने एक-एक वाट छाटली आणि सगळ्या पाटांचं पाणी मास्तरकडे वळवलं. काम इतकं स्वच्छ केलं होतं की दाढीलाही वाटलं, लेखिकेची इच्छा असेल. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

चित्रं होती. सुरुवाती जुन्या फाइलींत सापडल्या. पण मास्तरची सोडली तर शेवट एकाही वाटेला नव्हता, कारण शेवट होण्याआधीच तिने लेखणी चालवली होती. आता ते गुरुवारच्या आत लिहायचे होते. लिहायचे म्हणजे आजीचं चुकू द्यायचं, आणि ते तसंच ठेवायचं.

ते दिवस तिने कसे काढले ते आम्हाला फोनवरून कळत होतं. ती बायकोला विचारायची, विक्रेता वाईट वागला तर किती वाईट वागू दे? बायको म्हणायची, मला विचारू नकोस, तू ठरव. मग थोड्या वेळाने परत फोन. तिने विक्रेत्याचा शेवट लिहिला तो असा, की तो इतका बोलतो, इतका बोलतो, की आजी हळूहळू स्वतःच्याच घरात स्वयंपाकघराचं दार लावून बसू लागते. भांडण नाही, चोरी नाही. नुसतं दार लावलेलं. बॅगवाला माणूस एका सकाळी न सांगता निघून जातो, अंथरूण नीट घडी करून ठेवून. ट्रम्पेटवाली मुलगी राहते, शेजारी तक्रार करतात, आणि आजीच्या कानांना पुढे पुढे दुसरं काही ऐकू येत नाही, पण ती मुलीला जा म्हणत नाही. हा शेवट चांगला की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी दुपारी ती अडली. बायकोने मला पाठवलं, म्हणाली, नुसते जाऊन बसा. मी गेलो आणि नुसता बसलो. अडली होती ती ‘कोणालाच नाही’ या वाटेवर. खोली कोणालाच द्यायची नाही, पुढे काय? तिने लिहिलं होतं, की आजी रोज माडीवर जाते, खोली झाडते, खिडकी उघडते, संध्याकाळी बंद करते. एवढंच. पण प्रत्येक वेळी शेवटी ती एक ओळ जोडायची, की खालच्या रस्त्याने मास्तर चाललेला दिसला. चित्रवाली ती ओळ काढायची. ही परत घालायची.

‘मावशी, तो मास्तर आता येणार नाही,’ चित्रवाली म्हणाली. ‘त्याला दुसरीकडे घर मिळालंय.’

दाढी हसला. मीही हसलो. मेहुणी हसली नाही.

‘औषधाच्या कागदावर असं सोडलं असतं तर माणूस मेला असता,’ ती म्हणाली.

‘इथे कोणी मरत नाही, मावशी. फक्त खोली रिकामी राहते.’

‘तेच तर.’

ती उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, टेबलावरचे पेन एका रांगेत लावले, मग रांग मोडली. खाली हवेचं यंत्र थांबलं होतं, त्यामुळे तिच्या चपलांचा आवाज जास्तच येत होता. शेवटी तिने मास्तरची ओळ स्वतः काढली आणि चित्रवालीला म्हणाली, आता ही फाइल माझ्यापासून लपव.

गुरुवारी मी अर्धी रजा काढली. ती मला घेऊन गेली, कारण तिचं म्हणणं, भाऊजी, तुम्ही शेजारी असलात की मला गप्प बसता येतं. असं मला आयुष्यात कधी जाणवलं नव्हतं, पण गेलो.

परीक्षक चाळिशीचा, शांत माणूस होता. मला वाटलं होतं तसा तोऱ्यातला नव्हता. त्याने चहा घेतला, चष्मा पुसला आणि स्वच्छ सांगितलं की मला नाही म्हणण्यात काही आनंद नाही, पण उद्या कोणी कॅलेंडर आणून खेळ म्हणेल, तर कुठेतरी रेघ मारावीच लागते. मला ते पटलं. रेघ मारणाऱ्याचं दुःख मला माहीत आहे.

तो खेळायला बसला. दाढी आणि चित्रवाली एका बाजूला, मी आणि मेहुणी मागे. तो मन लावून वाचत होता. मास्तर आला, त्याने बघितलं. विक्रेता आला, मुलगी आली, बॅगवाला आला. मेहुणी मनातल्या मनात सगळ्या ओळी म्हणत असावी, तिचे ओठ हलत होते. पर्याय समोर आले. परीक्षकाचा हात मास्तरवर गेला. मेहुणीने श्वास घेतला. मग त्याने हात हलवला आणि ‘कोणालाच नाही’ निवडलं.

तिने माझ्या शर्टाची बाही धरली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आजी माडीवर गेली. खोली झाडली. खिडकी उघडली. बंद केली. परत दुसऱ्या दिवशी. चित्रांत फक्त उजेड बदलत होता. रस्त्याने कोणीही आलं नाही. मग खिडकी एकदा उघडलीच नाही, आणि समाप्त. सगळं पाच-सहा मिनिटांत आटोपलं.

परीक्षक पडद्याकडे बघत बसला. दाढी काहीतरी बोलणार होता, चित्रवालीने त्याच्या पायावर पाय दिला. माझी बाही आता चुरगळून गेली होती. मेहुणीची काय अवस्था झाली असेल ते मला समजत होतं. समोर एक माणूस चुकून बसला आहे, बरोबर काय ते तिला ठाऊक आहे, आणि सांगायचं नाही. अशी शिक्षा तिला कोणी कधी दिली नव्हती.

परीक्षक खुर्चीतल्या खुर्चीत वळला. ‘बाई,’ त्याने तिला विचारलं, ‘कोणाला द्यायला हवी होती?’

तिने तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आता मास्तरचं सगळं चरित्र बाहेर येणार, बागेसकट. तिने तोंड मिटलं. परत उघडलं.

‘मला नाही माहीत,’ ती म्हणाली.

मी तिला ओळखतो तेव्हापासून हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. ते म्हणताना तिचा आवाजही तिचा वाटला नाही.

परीक्षक पुन्हा पडद्याकडे वळला आणि कोणी न सांगता पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी त्याने बॅगवाल्याला खोली दिली. सकाळी अंथरुणाची घडी दिसली तेव्हा त्याच्या तोंडून एक बारीकसा ‘अरे’ निघाला. मग त्याने मुलीला दिली. त्याचा दुसरा चहा निवून गेला. मास्तरला त्याने सगळ्यात शेवटी घेतलं, आणि बागेपाशी आल्यावर जरा लवकरच पुढे दाबलं, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. मेहुणीच्याही नसावं.

उठताना तो म्हणाला, ‘हा खेळ आहे की नाही, माझं अजून पुरतं ठरलेलं नाही. पण मघाशी मी चुकलो आणि ते मला लागलं. पुस्तक वाचताना मी कधी चुकत नाही.’

टेबल देतो, एवढं सांगून तो जिना उतरला. दाढीने चित्रवालीच्या पाठीत धपाटा घातला. मेहुणी मोरीत जाऊन परीक्षकाचा कप घासत बसली, स्वच्छ झाल्यावरही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी आणि बायको गेलो. टेबल मिळालं होतं ते हॉलच्या अगदी टोकाला, एका बाजूला मोटारींच्या शर्यती आणि दुसऱ्या बाजूला बंदुकांचा खेळ. त्या गदारोळात तिची आजी गप्प उभी होती. दाढी खूश होता, कारण दुसऱ्या गोष्टीचं कामही मिळालं होतं आणि मावशीची नोकरी राहिली होती. मेहुणी टेबलामागे उंच स्टुलावर बसली होती, म्हणजे टेकली होती.

एक बाई आल्या. त्यांची मुलं शेजारी शर्यत खेळत होती, त्यांना बसायला जागा हवी होती, म्हणून त्या इथे बसल्या आणि बसल्या म्हणून खेळू लागल्या. पिशवी मांडीवर धरून त्यांनी चौघांनाही नीट वाचलं. मग खोली विक्रेत्याला दिली, आणि आपल्याशीच हसल्या, जणू चांगला सौदा झाला.

मेहुणी स्टुलावरून उतरली. बायकोने विचारलं, कुठे निघालीस.

‘जरा पाणी पिऊन येते,’ ती म्हणाली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे भराभरा चालू लागली. पाण्याची भरलेली बाटली तिच्या हातातच होती.